बरणीभर रक्त घेऊन लालबागला

मुंबईला लोक समुद्र बघायला जातात, लग्नाला जातात, मंत्रालयात खेटे घालायला जातात. मी गेले होते रक्त मोजायला. परत आल्यापासून अमरावतीत जो तो विचारतो, "मग, कशी वाटली मुंबई?" मी सांगायला लागते, आणि दुसऱ्या वाक्यालाच समोरचा घड्याळाकडे बघतो, कारण मी समुद्रापासून सुरुवात करत नाही, हाताच्या शिरेपासून करते. म्हणून एकदाचं लिहूनच काढलं. ज्याला घड्याळ बघायचंय त्याने खुशाल बघत बघत वाचावं.

आधी शीर. किडनी निकामी झालेल्या माणसाचं रक्त आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रातून गाळून घ्यावं लागतं. त्यासाठी हाताची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडतात. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत घुसतं, शीर फुगून जाड होते आणि तिच्यात मोठ्या सुया टोचता येतात. या जोडाला फिस्टुला म्हणतात. तो चालू आहे तोवर डायलिसिस सुरळीत होतं. त्यातला प्रवाह मंदावला तर तो एक दिवस बंद पडतो आणि मग मानेत नळी घालायची वेळ येते. म्हणून त्यातून किती रक्त वाहतंय हे वेळोवेळी मोजलेलं बरं असतं. मोजायचं सोनोग्राफीने.

इथपर्यंत सोपं आहे. गंमत पुढे आहे. सोनोग्राफीचं नेहमीचं यंत्र आवाज सोडतं, तो रक्तपेशींवर आपटून परत येतो, आणि त्याचा सूर किती बदलला यावरून यंत्र वेग काढतं. पण त्याला आपल्याकडे येणारं आणि आपल्यापासून लांब जाणारं रक्त तेवढं कळतं. आडवं जाणारं कळत नाही. म्हणून तपासणाऱ्याने पडद्यावर एक रेघ फिरवून प्रवाहाचा कोन सांगायचा असतो. सरळ शिरेत हे ठीक चालतं. फिस्टुलाची शीर मात्र वळणं घेत जाते, आत रक्त भोवरे करत फिरतं. तिथे कोन म्हणजे अंदाजच. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, आडनाव वानखडे. मी आणि माझे सहकारी गजानन सर, आम्ही काही वर्षं खपून एक संगणकप्रणाली लिहिली. ती निरनिराळ्या तिरप्या दिशांनी आवाज सोडून रक्तातले ठिपके कुठून कुठे सरकले हे बघते. कोन विचारतच नाही. परळच्या एका रुग्णालयातल्या किडनीच्या डॉक्टर सामंत यांनी ती बघायची तयारी दाखवली, तिथल्या समितीने परवानगी दिली, आणि जानेवारीत मी निघाले.

सोनोग्राफीचं यंत्र मात्र बरोबर नव्हतं. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे आपल्याकडे प्रत्येक यंत्राची नोंद असते आणि जागा ठरलेली असते. ते बॅगेत घालून फिरवता येत नाही. यंत्र परळचंच वापरायचं होतं. माझ्या बॅगेत होता एक लॅपटॉप, एक छोटा पंप, जिलेटिनच्या वडीत बसवलेली नळी म्हणजे आमचा खोटा हात, आणि काचेच्या बरणीत खोटं रक्त.

लालबाग

उतरले उज्ज्वलाकडे. उज्ज्वला माझी हॉस्टेलमधली मैत्रीण, आता बँकेत आहे. तिच्या सासरची चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली आणि त्यांना चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. सासूबाई मात्र अजून चाळीतच राहतात, फक्त चौदाव्या मजल्यावर. घराचं दार सताड उघडं, चप्पल बाहेर, आणि लिफ्टमधून जो बाहेर पडेल त्याची चौकशी. मला बघून म्हणाल्या, "इलंस? जेवक बस."

आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग गूळ किंवा चहा, मग प्रवासाची विचारपूस, आणि जेवणाचा विषय हळूच काढतात. इथे मी बुटाची नाडी सोडत होते तेव्हाच ताटात बांगडा पडला होता. बांगड्याचं तिखलं. त्याच्या तिखटाला मी घाबरले नाही, वऱ्हाडातली आहे. घाबरले काट्यांना. पहिल्या घासालाच एक काटा अशा जागी जाऊन बसला की मला बोलता येईना. सासूबाईंनी शांतपणे कोरड्या भाताचा एक गोळा माझ्या हातावर ठेवला, "चावू नको, गीळ" म्हणाल्या, आणि त्यानंतर माझा मासा स्वतः सोलून देऊ लागल्या. चाळिशी उलटलेल्या बाईला कोणीतरी काटे काढून भरवतंय हे बघून उज्ज्वलाने फोटो काढला आणि हॉस्टेलच्या सगळ्या मैत्रिणींना पाठवला.

संध्याकाळी खिडकीशी बसून मी सासूबाईंना माझं काम समजावलं. खाली रस्त्यावर माणसं मुंग्यांसारखी जात होती. म्हटलं, "समजा तुम्हाला फक्त इमारतीकडे येणारी आणि इमारतीपासून लांब जाणारी माणसं दिसतात. आडवी जाणारी दिसतच नाहीत. मग रस्त्यावर गर्दी किती, हे कसं सांगाल?"

"मीया कित्याक सांगू? माका सगळी दिसतत," त्या म्हणाल्या.

उज्ज्वला हसत होती. तिने स्वेटर घातला होता आणि कानाला रुमाल बांधला होता. ज्या हवेला आम्ही अमरावतीत "आज जरा उकडूनच राहिलं" म्हणतो, त्या हवेत मुंबईची माणसं थंडी साजरी करत होती. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "उकडून राहिलं म्हणजे? कुठे राहिलं ते?" पुढचे सगळे दिवस तिने माझं प्रत्येक "करून राहिले" आणि "होऊन राहिलं" असंच पकडलं.

बरणी मी फ्रीजमध्ये ठेवली होती. हे खोटं रक्त लाल नसतं. पाणी, ग्लिसरीन, जरासा साबण आणि रक्तपेशींच्या जागी नायलॉनची अतिशय बारीक भुकटी असं ते मिश्रण दिसतं दुधासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला तर बरणी ओट्यावर पालथी, चकचकीत.

"आई, याच्यात काहीतरी पांढरं होतं," मी म्हणाले.

"नारळाचो रस होतो तो. नासलो होतो," सासूबाई म्हणाल्या. "मीया ओतून टाकलंय नि बरणी घासून ठेवलंय."

मी खुर्चीत बसले. उज्ज्वलाने सासूबाईंना सांगितलं की तो रस नव्हता, रक्त होतं. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, मग फ्रीजकडे पाहिलं, आणि संपूर्ण फ्रीज रिकामा करून धुवायला घेतला.

प्रिन्सेस स्ट्रीट आणि डंकाची गल्ली

गजानन सरांना फोन केला. ते म्हणाले, "घाबरता कायले मॅडम? नायलॉन नसंल तर कॉर्नफ्लॉवर घ्या. ग्लिसरीन तं कुठंही भेटते."

कुठेही मिळत नव्हतं. औषधाच्या दुकानात हाताला लावायची इवलीशी बाटली मिळते, मला डबाभर हवं होतं. उज्ज्वलाने सुट्टी टाकली आणि मला टॅक्सीत घालून गिरगावच्या कडेला, प्रिन्सेस स्ट्रीटला नेलं. तिथे रसायनांची दुकानं एकाला एक लागून आहेत. पहिल्याच दुकानातल्या शेठनी विचारलं, "काय बनवता? साबण?"

"रक्त," मी म्हणाले.

"नाटकासाठी?"

"नाही, हॉस्पिटलसाठी."

त्यांनी माझ्याकडून नजर काढून उज्ज्वलाकडे वळवली. उज्ज्वला म्हणाली, "शेठ, ही प्रोफेसर आहे." त्याने बहुतेक सगळंच स्पष्ट झालं असावं, कारण पुढे काही न विचारता त्यांनी डबा बांधून दिला. बाहेर पडून आम्ही गिरगावात साबुदाणा वडा खाल्ला, वर पियुष प्यायलो. उज्ज्वला म्हणाली आलोच आहोत तर समुद्र बघून घे. चौपाटीवर जाऊन समुद्र बघितला. मोठा आहे.

कॉर्नफ्लॉवर लालबागलाच मिळालं, पण त्याचे दाणे सारखे नव्हते. एखादा मोठा गठ्ठा राहिला तर पडद्यावर दिवाळीच्या अनारासारखा चमकतो. अगदी बारीक चाळण पाहिजे होती. उज्ज्वला मला मसाल्याच्या गल्लीत घेऊन गेली. तिथे डंक चालतात, म्हणजे मिरच्या कुटणारी लोखंडी मुसळांची यंत्रं. गल्लीच्या तोंडाशीच मला पहिली शिंक आली. डंकवाले काका मानेला उपरणं गुंडाळून, पापणीही न हलवता उभे होते. उज्ज्वलाच्या घरचा मसाला दरवर्षी त्यांच्याकडे कुटला जातो, त्यामुळे त्यांनी कौतुकाने आपली सगळ्यात बारीक चाळण काढली, फडक्याने पुसली आणि स्वतः कॉर्नफ्लॉवर चाळायला बसले.

"मसाल्यात घालायचं काय?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शिंकले. पुन्हा उघडलं, पुन्हा शिंकले. शेवटी उज्ज्वलाने सांगितलं, "हो काका." तेच सोपं होतं.

घरी येऊन पातेल्यात सगळं मिसळलं, ढवळलं, वरचे बुडबुडे विरेपर्यंत थांबले. पुसलेल्या चाळणीतही मिरची शिल्लक होती. आमचं रक्त हळूहळू गुलाबी झालं. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच समाधानाने मान हलवली. "आता कसा रगात दिसता," म्हणाल्या.

परळ

डॉक्टर सामंत पन्नाशीच्या, काटक बाई. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी सोनोग्राफीच्या खोलीत दुपारची वेळ दिली होती. मी खोटा हात टेबलावर मांडला, पंप जोडला, गुलाबी रक्त फिरवलं. नळीच्या दुसऱ्या टोकाला मापाचं भांडं ठेवलं. मिनिटभरात भांड्यात किती जमा होतं, हा खरा आकडा. बाकी सगळ्या यंत्रांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

डॉक्टर वाकून बघायला आल्या आणि जोरात शिंकल्या.

"यात काय आहे?"

"लालबाग आहे, मॅडम," मी म्हणाले, आणि सगळी हकीकत सांगितली. त्या हसल्या नाहीत, पण खुर्ची ओढून बसल्या. त्यावरून मला जरा धीर आला.

त्यांच्या यंत्राने नेहमीच्या पद्धतीने मोजलं. कोनाची रेघ जराशी इकडे-तिकडे केली की आकडा उड्या मारत होता. मग माझी प्रणाली लावली. नळी सरळ ठेवली, वाकवली, पिळवटली, दर वेळी आकडा भांड्याच्या जवळपास येत राहिला. डॉक्टरांनी स्वतः नळी वाकवून पाहिली, तरी आला. गजानन सर फोनवर होते. ते म्हणाले, "जमून राहिलं ना मॅडम?" जमून राहिलं होतं.

"ठीक. आता माणसावर," डॉक्टर म्हणाल्या.

त्या दिवशी डायलिसिसला हिराबाई आल्या होत्या. वरळी कोळीवाड्याच्या, लालबागजवळच्या बाजारात मासळी विकणाऱ्या. साठीच्या आसपास, नाकात जुनी सोन्याची नथणी, केसांत अबोलीचा गजरा. त्यांच्या डाव्या हाताचा फिस्टुला पूर्वीच बंद पडला होता. आता उजव्या हातावर कोपरापाशी शीर वेटोळं घालून बसली होती. रुग्णालयाच्या मोजणीत तिचा प्रवाह फार कमी निघाला होता. डॉक्टर म्हणत होत्या की शिरेत फुगा घालून ती रुंद करावी लागेल. हिराबाईंना ते नको होतं. मागच्या वेळी हात सुजून बरेच दिवस बाजार बुडाला होता.

मी त्यांचा हात उशीवर घेतला आणि थंड जेल लावलं.

"तू डॉक्टरीण हायस काय गो?"

"नाही मावशी, मी मास्तरीण."

"मंग हात कशाला धरतेस?"

"मास्तरच पकडतात ना हात," मी म्हणाले. त्या खुदकन हसल्या आणि हात सैल सोडला.

प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा ठोकळा, शिरेवर टेकवला. पडद्यावर रक्त भोवरे घेत धावत होतं. इतकं देखणं चित्र आमच्या नळीत कधी दिसलं नव्हतं. आकडा आला. चांगला होता. नुसता चांगला नाही, रुग्णालयाच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त.

"म्हणजे माझा हात चांगला हाय?" हिराबाईंनी विचारलं.

डॉक्टर सामंत म्हणाल्या, "आमचं यंत्र म्हणतं वाईट, यांचं म्हणतं छान. दोघांपैकी कोणीतरी चुकतंय. दोन दिवसांनी ठरवू." मग बाहेर कॉरिडॉरमध्ये मला म्हणाल्या, "वानखडे, तुमचा आकडा खरा असेल तर मी या बाईला उगाच त्रास देणार होते. आणि खोटा असेल तर मी तिला उगाच घरी पाठवेन. त्यातलं दुसरं जास्त वाईट."

मी मान हलवली, पण खरं सांगायचं तर मी ऐकत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे अमरावतीच्या वर्तमानपत्रातली बातमी होती. फोटोसकट.

दादर

दुसऱ्या दिवशी मोकळा वेळ होता. दादरला जाऊन घरच्यांसाठी खरेदी केली आणि दुपारी एका शाकाहारी उपाहारगृहात बसले. तिथे टेबल एकट्याचं नसतं. समोर दोन अनोळखी माणसं थालीपीठ खात होती, आणि तिघांनीही एकमेकांना दिसत नसल्यासारखं वागायचं असा तिथला शिष्टाचार. आमच्याकडे एवढ्या वेळात गाव, आडनाव आणि मुलांची शिक्षणं विचारून झाली असती. मी वरणभात मागवला, लॅपटॉप उघडला आणि हिराबाईंच्या शिरेची चित्रं पुन्हा बघत बसले. कामासाठी नाही, नुसतं कौतुक म्हणून.

वाढपी ताट ठेवायला आला. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला.

"मॅडम, इथे अंडं नाय मिळत."

"काय?"

"अंडं," त्याने पडद्याकडे बोट केलं. "बाहेर गाडीवर मिळेल."

समोरच्या दोघांनीही आता माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. शिरेचा आडवा छेद होता तो, आणि खरोखरच अंड्यासारखा होता. आडवा, चपटा.

शीर गोल असायला पाहिजे होती.

भात तसाच राहिला. आमची प्रणाली वेग बरोबर काढत होती. पण प्रवाह म्हणजे वेग गुणिले शिरेचा छेद, आणि छेद काढताना आम्ही शिरेची आडवी रुंदी घेऊन ती गोल आहे असं धरत होतो. आमची नळी गोलच असते. कितीही दाबा, ती दबत नाही. वर्षानुवर्षं नळीवर काम करून मला प्रोब दाबून धरायची सवय लागली होती. हिराबाईंची शीर कातडीच्या लगेच खाली, मऊ. मी ती दाबून चपटी केली, ती रुंद दिसली, आणि प्रणालीने त्या रुंदीचं मोठं वर्तुळ धरून भरघोस आकडा दिला. तो बघून मी फोटोत कुठली साडी शोभेल याचा विचार करत होते.

बाहेर फुटपाथवर येऊन डॉक्टरांना फोन लावला. फुलांच्या टोपल्या, हातगाड्या, मागून कोणीतरी "बाजूला, बाजूला" ओरडत होतं.

"मॅडम, माझा कालचा आकडा धरू नका. तो चुकलाय."

"किती?"

"माहीत नाही. पण जास्त आलाय. प्रवाह खरंच कमी असू शकतो."

"बरं झालं आज सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मग आता काय करणार?"

मला मऊ शीर पाहिजे होती. दादरच्या बाजारात ती मिळाली, वाढदिवसाच्या सजावटीच्या दुकानात. लांब, बारीक फुगे, ज्यांचे कुत्रे आणि जिराफ करतात. दुकानदाराने विचारलं, "वाढदिवस कोणाचा?" मी म्हणाले, "हिराबाईंचा." का कोण जाणे.

पुन्हा परळ

संध्याकाळी डॉक्टरांनी खोली उघडून दिली आणि या वेळी त्याही थांबल्या. खोट्या हातात नळीच्या जागी हिरवा फुगा बसवला, त्यातून गुलाबी रक्त सोडलं. प्रोब नेहमीसारखा दाबला. पडद्यावर अंडं. आकडा भांड्यापेक्षा भलताच जास्त. मग जेलचा जाड थर दिला आणि प्रोब त्यावर नुसता तरंगत ठेवला, तळाला न टेकता. पडद्यावर गोल. प्रणालीला वर्तुळ धरायची सवय सोडायला लावली, शिरेची कड जशी दिसेल तशी आखून तेवढाच छेद घ्यायचा. आकडा भांड्याच्या जवळ आला. पहिल्या खेपेला फुगा फुटला आणि डॉक्टर सामंतांचा पांढरा कोट पोटापाशी गुलाबी झाला. त्यांनी खाली पाहिलं, म्हणाल्या, "दुसरा आणलाय ना?" आणला होता. रंगीबेरंगी पाकीटच होतं.

मग आला हिराबाईंचा डायलिसिसचा दिवस. मी वॉर्डात गेले तर त्यांनी पिशवीतून पुडकं काढून माझ्या हातात ठेवलं. वास आला तसं कळलं, सोडे होते, सुकवलेली कोळंबी. "तुज्यासाठी. हात चांगला हाय म्हणून सगल्यांना सांगून बसलेय मी."

ते पुडकं हातात धरून मला सांगावं लागलं की तो आकडा चुकीचा होता.

हिराबाईंचा चेहरा बदलला. "म्हणजे चांगला नाय?"

"अजून माहीत नाही, मावशी. मी हात दाबून मोजला, म्हणून चुकलं. आज परत मोजू."

"आणि आज काय येल?"

"ते मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"दोन दिस मी पोटभर जेवले गो," त्या म्हणाल्या, आणि मान भिंतीकडे वळवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हात मात्र पुढे केला.

जेलचा ढीग घातला. प्रोब तसाच तरंगत धरता यावा म्हणून डॉक्टरांनी माझ्या कोपराखाली उशी सरकवली. चित्र आलं. शीर गोल नव्हती, पण अंडंही नव्हती, वेड्यावाकड्या पेरूसारखी होती. कड आखली. आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली आला. मला वाटलं, गेलं. पण रुग्णालयाच्या आकड्याएवढा खाली तो गेला नाही. डॉक्टरांच्या मनात जी काळजीची रेघ होती, तिच्या वर राहिला.

आता एका पडद्यावरच्या दोन आकड्यांवर कोणी विश्वास ठेवत नव्हतं, मी तर नाहीच. खात्री करायची एक जुनी पद्धत असते. डायलिसिस चालू असताना नळ्या थोड्या वेळापुरत्या उलट जोडतात, त्यात जरासं मिठाचं पाणी सोडतात आणि ते किती पातळ होऊन परत येतं यावरून प्रवाह काढतात. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. त्यांच्या विभागाचं दुरुस्तीला गेलेलं होतं, डॉक्टरांनी दुसऱ्या विभागातून मागवून घेतलं. ते जोडलं, पाणी सोडलं. आम्ही तिघी एका छोट्या पडद्याकडे बघत होतो, हिराबाईसुद्धा, मान वळवून.

आकडा माझ्या आजच्या आकड्याला लागूनच आला.

डॉक्टरांनी तो दोनदा तपासला. मग म्हणाल्या, "हिराबाई, फुगा आता नको. महिन्याने परत मोजू. कमी झालं तर मात्र करावं लागेल, तेव्हा नाही म्हणायचं नाही."

"नाय म्हणनार," हिराबाई म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "सोडे ठेव तू. परत देऊ नको."

कॉरिडॉरमध्ये डॉक्टर म्हणाल्या, "एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, हे लक्षात आहे ना?"

"हो मॅडम."

"बऱ्याच पेशंटवर करावं लागेल. प्रत्येकाला मिठाच्या पाण्याशी ताडून. पावसाळ्याआधी सुरू करू. तुमचे ते सर आहेत ना, फोनवाले, त्यांनाही आणा." मग वळता वळता म्हणाल्या, "आणि कॉर्नफ्लॉवर तिकडूनच चाळून आणा."

बाजार

निघायच्या दिवशी सकाळी उज्ज्वला मासे घ्यायला निघाली तशी मीही गेले. लालबागजवळच्या त्या बाजारात हिराबाई उंच फळीवर बसल्या होत्या. पुढे पापलेट, सुरमई, बोंबलांचा ढीग. उजव्या हाताने वजन उचलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे, त्यामुळे टोपल्या त्यांची जाऊ हलवत होती आणि हिराबाई तिला आणि गिऱ्हाइकांना सारख्याच आवाजात सूचना देत होत्या.

मला बघून त्यांनी जावेला सांगितलं, "ही ती मास्तरीण." जावेने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. काय काय सांगून ठेवलं होतं देव जाणे.

"तू इतकी यंत्रा लावलीस," हिराबाई म्हणाल्या, "पन हात लावून बगलास काय कधी?"

मी म्हणाले, नाही. खरंच नव्हता. मधे नेहमी जेल आणि प्रोब.

त्यांनी हात पदराला पुसला आणि माझी बोटं धरून कोपरापाशी, त्या वेटोळ्या शिरेवर ठेवली. आतून घुर्रर्र अशी सतत थरथर येत होती, मांजर मांडीवर घेतल्यावर येते तशी. गेली काही वर्षं मी ज्याचे आकडे काढत होते ते हे होतं. पडद्यावर ते निळं-तांबडं दिसतं, आमच्या नळीत गुलाबी दिसलं होतं, पण ते असं गरम असेल आणि एवढ्या जोरात असेल याची मला कल्पना नव्हती. मी बोटं काढलीच नाहीत. माझ्या मागे एक गृहस्थ पापलेटचा भाव विचारत होते, उज्ज्वला मला कोपराने ढोसत होती.

हिराबाईंनी त्या गृहस्थांना भाव सांगितला. मग हळूच म्हणाल्या, "आता सोड गो हात. गिऱ्हाईक उभं हाय."